बराकी आणि खरेदीखते

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेवानिवृत्तांचे निवांत गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेक्सहिलच्या पश्चिम अंगाला, पेव्हेन्सीची पाणथळ कुरणे जेथे सुरू होतात तेथे, नॉर्थआय नावाची एक जागा आहे. प्रथम तेथे हवाई दलाच्या रडार केंद्रावरील माणसांची वसाहत होती. १९६९ पासून तीच जागा तुरुंग म्हणून वापरात आली. १९८६ च्या वसंत ऋतूत, तुरुंगरक्षकांनी जादा वेळ काम करण्यास नकार दिल्यावर देशभरच्या तुरुंगांत जो दंगा उसळला, त्यात येथील कैद्यांनी बराकींना आगी लावल्या आणि बराचसा इमला भस्मसात झाला. १९९२ साली तुरुंगाला कायमचे कुलूप लागले. मग काही काळ संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारने आपल्या तरुणांच्या तांत्रिक शिक्षणासाठी ती वास्तू वापरली आणि तीही मंडळी निघून गेल्यावर उरल्या त्या ओस खोल्या, फुटकी तावदाने आणि माजलेले रान. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ही मालमत्ता ६३ लाख पौंडांना विकली गेली. पुढच्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्रिटनच्या गृहखात्याने तीच मालमत्ता, त्याच पडक्या अवस्थेत, १ कोटी ५४ लाख पौंड मोजून आपल्या नावावर करून घेतली. तेथे १,२०० आश्रयार्थी ठेवण्याचा मनसुबा होता. त्यांच्यापैकी एकाचेही अंथरूण तेथे पडले नाही.

हा प्रकार एखाद्या गाफील अधिकाऱ्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, आणि वर्तमानपत्रांनी बहुतांशी तेच केले. परंतु ब्रिटनच्या दप्तरखान्यात जो कोणी तीनशे वर्षे मागे जाईल त्याला असे आढळून येईल की, परमुलखातून जीव घेऊन आलेल्या माणसांसाठी छप्पर शोधण्याची पाळी जेव्हा जेव्हा सरकारवर आली, तेव्हा तेव्हा ते सरकार बाजारात एका विशिष्ट प्रकारचे गिऱ्हाईक बनून उभे राहिले. गरजवंताला अक्कल नसते असे आपल्याकडे म्हणतात. या गिऱ्हाइकाची गरज तर लोकसभेत भाषण करून जाहीर झालेली असते, मुदत राजपत्रात छापलेली असते, आणि ज्या वास्तूचा सौदा करायचा तीत स्वतः राहायचे नसल्यामुळे भिंतीला ओल आहे की नाही हे हात लावून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. लग्नपत्रिका वाटून झाल्यावर कार्यालय शोधायला निघालेल्या वधूपित्याला जो भाव पडतो, तोच या सरकारला पडतो. फरक एवढाच की वधूपिता निदान स्वयंपाकघर पाहून घेतो.

पहिला मोठा प्रसंग १७०९ चा. त्या वर्षीचा हिवाळा युरोपात असा कडक पडला की ऱ्हाईन नदीच्या काठचे द्राक्षमळे मुळापासून करपून गेले. त्यातच फ्रेंच सैन्याच्या स्वाऱ्यांनी गांजलेल्या पॅलाटिनेट प्रांतातील शेतकऱ्यांच्या कानावर अशी वार्ता आली की इंग्लंडची राणी ॲन परदेशी प्रॉटेस्टंटांना आश्रय देते आणि अमेरिकेत जमीनही देते. इंग्लंडच्या लोकसभेने त्याच वर्षी परकीय प्रॉटेस्टंटांना नागरिकत्व देणारा कायदा केलेला असल्यामुळे ही वार्ता अगदीच निराधार नव्हती. मे ते ऑक्टोबर या काळात सुमारे १३,००० जर्मन लंडनच्या बंदरात उतरले. हजारोंना एकाएकी पोटात घेण्याची कोणतीही व्यवस्था त्या शहराजवळ नव्हती. तेव्हा सरकारने तेच केले जे सरकारे आजही करतात: लष्कराच्या कोठाराकडे हात पसरला. दारूगोळा खात्याकडून १,६०० तंबू आले आणि ब्लॅकहीथच्या माळावर, ग्रिनिच आणि कॅम्बरवेल येथे त्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. ज्यांना तंबू पुरले नाहीत त्यांना धान्याच्या कोठारांत आणि नदीकाठच्या वखारींत दाटीवाटीने भरण्यात आले.

तंबू उन्हाळ्यापुरते ठीक होते. हिवाळा तोंडावर येऊ लागला तशी राणीच्या मंत्र्यांची झोप उडाली, आणि मग प्रत्येक परगण्याला असे कळविण्यात आले की जो कोणी एक पॅलाटिन माणूस आपल्याकडे ठेवून घेईल त्याला माणशी ५ पौंड मिळतील. ही रक्कम त्या काळी लहान नव्हती. तरी फारसे कोणी पुढे आले नाही, कारण गावातील गरिबांचा खर्च गावानेच सोसण्याचा शिरस्ता असल्यामुळे ५ पौंड एकदा मिळणार आणि माणूस कायमचा गळ्यात पडणार, हा हिशेब परगण्याच्या कारभाऱ्यांना राणीच्या खजिनदारापेक्षा लवकर समजला. अखेरीस सुमारे ३,००० जणांना आयर्लंडात धाडण्यात आले, त्यांतले पुष्कळ परत आले. कॅथलिक निघालेल्यांची स्वदेशी पाठवणी झाली. आणखी ३,००० जणांना १७१० साली न्यूयॉर्ककडे जहाजांत घालण्यात आले, वाटेत शेकडो मेले, आणि जे पोचले त्यांना हडसन नदीच्या खोऱ्यात पाइन वृक्षांपासून आरमारासाठी डांबर काढण्याच्या कामी जुंपण्यात आले. तेथील पाइनच्या जातीपासून हवे तसे डांबर निघेना, आणि १७१२ साली त्यांचा शिधा बंद झाला. नागरिकत्वाचा तो कायदा तर तोवर सत्तेवर आलेल्या टोरी पक्षाने रद्दच करून टाकला. ब्लॅकहीथच्या एका उन्हाळ्यात पुढील तीन शतकांचा सगळा मसाला आढळतो: लष्कराची उसनी छपरे, स्थानिक कारभाऱ्यांना दाखविलेले दरमाणशी आमिष, दूरदेशी पाठवणीची एक कल्पक योजना, आणि शेवटी ज्यांना बोलावले त्यांच्यावरच रोष.

१९१४ ची गोष्ट मात्र वेगळ्या वळणाची आहे. जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले आणि त्या देशाचे सुमारे अडीच लाख लोक खाडी ओलांडून ब्रिटनमध्ये आले. एकट्या फोकस्टनच्या धक्क्यावर १४ ऑक्टोबर या एका दिवसात १६,००० उतरले. सरकारची तयारी शून्य होती. परंतु तयारी शून्य असल्याचे सरकारला ठाऊक होते, आणि हे भान खात्यांना क्वचितच लाभते. लेडी लुगार्ड यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली युद्धनिर्वासित समिती आणि तिच्या पाठोपाठ गावोगाव निघालेल्या सुमारे २,५०० स्थानिक समित्या यांनी घरे मिळविली. लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस आणि अर्ल्स कोर्ट येथील विस्तीर्ण दालने ही केवळ वाटेतली धर्मशाळा ठरली. तेथून माणसे कुणाच्या रिकाम्या बंगलीत, कुणाच्या माडीवर, कुणाच्या चर्चच्या आवारात पांगली. हा उत्साह युद्ध लांबले तसा ओसरला, पाहुण्यांविषयी कुरकुरही सुरू झाली, आणि युद्ध संपताच बेल्जियन लोकांना परतीची तिकिटे देऊन घाईघाईने बोटीत बसविण्यात आले, हे सांगितल्यावाचून चित्र पुरे होत नाही. तरीसुद्धा व्यवहाराच्या दृष्टीने त्या चार वर्षांत सरकारला एखाद्या पडक्या तुरुंगाचे खरेदीखत करावे लागले नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक धागा आपल्या मुलखातून जातो, म्हणून त्याच्यापाशी जरा अधिक थांबणे इष्ट आहे. सोव्हिएट सरकारने पोलंडच्या पूर्व भागातून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेल्या पोलिश कुटुंबांपैकी काही, इराणमार्गे, हिंदुस्थानात पोचली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे त्यांच्या अनाथ मुलांना आसरा दिला हे पुष्कळांना माहीत असते, परंतु त्याहून कितीतरी मोठी वस्ती १९४३ पासून कोल्हापूरनजीक वळिवडे येथे, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या कडेला उभी राहिली. सुमारे ५,००० माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. लांबच लांब बराकी, पण प्रत्येक बराकीचे कुटुंबवार भाग पाडलेले, प्रत्येक कुटुंबाला स्वतःची चूल आणि पुढे फुलझाडे लावण्याइतकी ओसरी. शाळा, चर्च, दवाखाना, चित्रपटगृह, बाजार. खर्चाचा बोजा लंडनस्थित पोलिश सरकार उचलीत होते. कोल्हापूरचे भाजीवाले आणि दूधवाले या बायकांशी पोलिश अंक आणि मराठी हातवारे यांच्या मिश्र बोलीत व्यवहार करीत असतील, असे मानावयास काही हरकत नाही.

या वस्तीची रचना जाणीवपूर्वक केलेली होती: जागा आधी निवडली, मग बांधली, मग माणसे आणली. हा क्रम इतका साधा आहे की त्याची वाखाणणी करणे हास्यास्पद वाटेल. पण पुढील सगळ्या हकीकतीत तो क्रम पुन्हा फारसा दिसत नाही. युद्ध संपले, पोलंडवर साम्यवाद्यांचा अंमल बसला, आणि १९४७-४८ मध्ये वळिवड्याच्या रहिवाशांपैकी पुष्कळ जण ब्रिटनला गेले, कारण त्यांचे नवरे, बाप आणि भाऊ ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली लढून तेथे पोचले होते. तेथे त्यांच्या वाट्याला आल्या त्या अमेरिकन आणि कॅनेडियन फौजांनी मागे टाकलेल्या इस्पितळांच्या आणि विमानतळांच्या जागा, अर्धवर्तुळाकार पत्र्याच्या निसेन झोपड्या, मधोमध एक शेगडी. इंग्लंडच्या थंडीत बसून कोल्हापूरच्या उन्हाची आठवण काढणारी वृद्ध पोलिश मंडळी अगदी अलीकडेपर्यंत हयात होती. तरीही त्या झोपड्यांमागे १९४७ चा पोलिश पुनर्वसन कायदा होता, आणि त्या कायद्याने त्या माणसांना काम करण्याची मुभा होती. झोपडी ही त्यामुळे मुक्कामाची जागा राहिली, शिक्षा ठरली नाही. वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत पुढे सिंधहून आलेले निर्वासित वसले, आणि आज कापडाच्या घाऊक बाजाराबद्दल प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत दिली. ब्रिटिश पारपत्र असलेले सुमारे २८,००० लोक ब्रिटनमध्ये आले. बहुतेक गुजराती, काही पंजाबी, आणि त्यांच्यात कंपालाच्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी केलेली गोमंतकीय कुटुंबेही होती. पंतप्रधान हीथ यांच्या सरकारने युगांडा पुनर्वसन मंडळ स्थापन केले आणि १६ ठिकाणी, बहुतांशी लष्कराच्या व हवाई दलाच्या ओस तळांवर, तात्पुरती केंद्रे उघडली. वेल्समधील तोनफानाउ हे त्यांपैकी एक: मागे डोंगर, पुढे आयरिश समुद्र, आणि ज्यांनी जन्मात हिमवृष्टी पाहिली नव्हती अशी माणसे ऑक्टोबरच्या वाऱ्यात घोंगड्या पांघरून उभी. मंडळाने नकाशावर काही शहरे लाल ठरविली, म्हणजे तेथे आधीच गर्दी आहे, सबब जाऊ नये. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातील वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आमच्याकडे येऊ नका असे बजावले. लोकांनी तो नकाशा पाहिला, जाहिरात वाचली, आणि जेथे मामा-मावश्या होत्या तेथे ते गेले, म्हणजे पुष्कळसे लेस्टरलाच. त्या शहराच्या भरभराटीचा इतिहास आता त्याच मंडळींच्या नावाने सांगितला जातो. केंद्रे वर्ष-सव्वा वर्षात जवळजवळ रिकामी झाली, ती मंडळाच्या कर्तबगारीने कमी आणि नातेवाइकांच्या अडगळीच्या खोल्यांमुळे अधिक.

येथवरच्या बहुतेक प्रसंगांत आलेली माणसे एका मुदतीनंतर बाजारात जाऊन स्वतःचे घर स्वतः पाहू शकत होती. १९९९ च्या कायद्याने हा पाया बदलला. आश्रयाचा अर्ज केलेल्या माणसांचा भार किनाऱ्यावरच्या व लंडनच्या नगरपालिकांवर पडतो अशी तक्रार वाढली होती. तेव्हा जॅक स्ट्रॉ गृहमंत्री असताना असे ठरले की अर्जदारांना देशभर पांगवावयाचे, घर कोठे द्यायचे हे मध्यवर्ती खात्याने ठरवावयाचे, आणि अर्जदाराला त्यात निवड नाही. काम करण्याची त्यांची मुभाही २००२ साली जवळजवळ काढून घेण्यात आली. अशा रीतीने हजारो माणसांच्या निवाऱ्याची संपूर्ण जबाबदारी एका खात्याच्या अंगावर आली, ज्या खात्याला घरे बांधण्याचा, भाड्याने घेण्याचा किंवा सांभाळण्याचा काडीचाही अनुभव नव्हता. पारपत्रे तपासणे आणि माणसे परत पाठविणे हा त्याचा पिढीजात धंदा.

या नव्या व्यवस्थेचे पहिले स्मारक ऑक्सफर्डशायरमधील बिस्टर येथे झाले असते, जर ते झाले असते. २००२ साली गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांच्या कारकिर्दीत असा विचार पुढे आला की अर्जदारांना गावात न ठेवता ७५० खाटांच्या स्वतंत्र केंद्रांत ठेवावे. तेथेच शाळा, तेथेच दवाखाना, तेथेच चौकशी. संरक्षण खात्याची बिस्टरजवळची जमीन निवडण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, आणि निर्वासितांच्या बाजूने उभ्या असणाऱ्या संस्थांनीही विरोध केला. नियोजन निरीक्षकाने योजना नाकारावी असा अभिप्राय दिला, तो उपपंतप्रधान प्रेस्कॉट यांनी बाजूला सारला. प्रकरण न्यायालयात गेले. या सगळ्या खटाटोपात तीन वर्षे लोटली आणि तेवढ्यात वार्षिक अर्जांचा आकडा ८४,००० च्या वरून ३४,००० च्या आसपास उतरला. २००५ च्या जूनमध्ये योजना गुंडाळण्यात आली. तोवर पावणेतीन कोटींहून अधिक पौंड सल्लागार, आराखडे आणि मक्तेदाराची भरपाई यांत जिरून गेले होते, आणि त्या जमिनीवर एक वीटही चढली नव्हती. लेखापरीक्षकांनी २००७ साली त्यावर अहवाल लिहिला, लोकलेखा समितीने खात्याचे कान उपटले, खात्याने धडा घेतल्याचे लेखी दिले, आणि कागद दप्तरात गेले.

दप्तरात गेलेल्या कागदाला ब्रिटनमध्येही वाळवी लागते असे दिसते. २०१२ साली खात्याने घरे पुरविण्याचे काम मूठभर मोठ्या कंपन्यांना मक्त्याने दिले; त्यांतल्या दोन पहारा, तुरुंग आणि कैद्यांची ने-आण या धंद्यातल्या होत्या. बोली कमी लावली होती, म्हणून घरे जेथे सर्वांत स्वस्त तेथे घेतली गेली, आणि स्वस्त घरे असतात ती कारखाने बंद पडलेल्या उत्तरेकडच्या गावांत. मिडल्सब्रो येथे तर पोटमक्तेदाराने आपल्या मालकीच्या घरांचे दरवाजे एकाच लाल रंगाने रंगविल्यामुळे कोणत्या घरात आश्रयार्थी राहतात हे रस्त्यावरच्या टवाळ पोरांना एका दृष्टिक्षेपात कळू लागले. अंडी, दगड, शिव्या यांची बरसात त्या दारांवर होऊ लागली आणि २०१६ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात बोभाटा झाल्यावर दारे पुन्हा रंगविण्याची आज्ञा निघाली. रंग स्वस्त पडावा म्हणून घाऊक घेतला असेल, यापलीकडे त्यात दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. पण दाराचा रंग पाहण्यासाठी खात्याचा एक मनुष्य चार वर्षांत त्या गल्लीतून फिरकला असता तर बरे झाले असते.

२०१९ साली नवे मक्ते झाले, दहा वर्षांचे, तीन कंपन्यांशी, आणि त्यांचा अंदाजी खर्च ४५० कोटी पौंड धरण्यात आला. पुढच्याच वर्षी महामारी आली, माणसे हलविणे थांबले, हॉटेले ओस पडली होती. खात्याने ती घेतली, तात्पुरती म्हणून. त्याच वेळी अर्जांचे निकाल लागेनासे झाले. हा या कथेतील सर्वांत रुक्ष भाग असला तरी किल्ली त्यातच आहे: २०२२ च्या अखेरीस सुमारे १,६०,००० माणसे पहिल्या निकालाची वाट पाहत होती, आणि निकाल लागेपर्यंत त्यांतील प्रत्येक निराधाराला खाट देणे कायद्याने बंधनकारक होते. कारकुनाच्या टेबलावर जो कागद वर्षभर पडून राहतो त्याचे वर्षभराचे भाडे दुसऱ्या टेबलावरून निघते. २०२३ च्या सप्टेंबरात हॉटेलांत सुमारे ५६,००० माणसे होती आणि रोजचा खर्च ८० लाख पौंडांवर गेला होता. त्या माणसांच्या हाती मात्र, जेवण हॉटेलात मिळते या सबबीवर, आठवड्याला नऊ-दहा पौंड पडत.

हॉटेलांवरील लोकक्षोभ शमविण्यासाठी सरकारला पुन्हा बराकी आठवल्या. ज्या फोकस्टनच्या धक्क्यावर बेल्जियन उतरले होते त्याच फोकस्टनमधील नेपियर बराकीत २०२० च्या सप्टेंबरात शेकडो पुरुषांना एकेका लांब दालनात, मध्ये पडदे टांगून, ठेवण्यात आले. सार्वजनिक आरोग्य खात्याने अशी सामूहिक शयनगृहे नकोत असा सल्ला दिलेला असताना. जानेवारीत सुमारे २०० जणांना कोविडची बाधा झाली आणि जून २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तेथील व्यवस्था किमान दर्जाचीही नव्हती असा निकाल दिला. यॉर्कजवळील लिंटन-ऑन-ऊस या चिमुकल्या खेड्यालगतच्या विमानतळावर १,५०० जण ठेवण्याची योजना २०२२ साली जाहीर झाली आणि त्याच वर्षी मागे घेण्यात आली. मग २०२३ च्या मार्चमध्ये एकाच भाषणात तीन नावे आली: एसेक्समधील वेदर्सफील्ड, लिंकनशायरमधील स्कॅम्प्टन, आणि आपली नॉर्थआय.

स्कॅम्प्टन म्हणजे १९४३ साली जर्मनीची धरणे फोडावयास निघालेल्या ६१७ व्या तुकडीचा तळ. तेथे पुनर्विकासाची मोठी योजना स्थानिक नगरपालिकेने आधीच आखली होती, ती या घोषणेने अधांतरी लोंबकळली. वेदर्सफील्ड आणि स्कॅम्प्टन यांच्या उभारणीस प्रत्येकी ५० लाख पौंड लागतील असा पहिला अंदाज होता. तो अनुक्रमे ४ कोटी ९० लाख आणि २ कोटी ७० लाखांवर गेला. विमानतळावरच्या इमारती वर्षानुवर्षे रिकाम्या होत्या, नळ गंजलेले, जमिनीत जुने इंधन मुरलेले; हे कळण्यासाठी ज्योतिषी लागत नाही, पण अंदाज करणाऱ्याने जागेवर जावे लागते. स्कॅम्प्टनची योजना २०२४ च्या सप्टेंबरात रद्द झाली तेव्हा ६ कोटी पौंड खर्ची पडले होते. राहावयास कोणीही आले नव्हते. डॉर्सेटमधील पोर्टलंड बंदरात नांगरलेल्या ‘बिबी स्टॉकहोम’ या तराफ्याची हकीकत त्याहून प्रसिद्ध आहे: २०२३ च्या ऑगस्टमध्ये पहिले रहिवासी चढले, आठवड्याच्या आत पाण्यात लीजिओनेला जंतू सापडल्याने उतरले, ऑक्टोबरात पुन्हा चढविले गेले, डिसेंबरात त्यांतील एक जण मरण पावला, आणि पुढील वर्षाखेर तो रिकामा झाला. हाच तराफा पूर्वी रॉटरडॅमला डच सरकारने याच कामासाठी वापरला होता. हडर्सफील्ड येथील विद्यार्थिवसतीची एक भलीमोठी इमारत भाड्याने घेतली गेली तीही अखेरपर्यंत रिकामीच राहिली. २०२४ च्या मार्चमध्ये लेखापरीक्षकांनी हिशेब मांडला तो असा: या चार जागांचा एकूण अंदाजी खर्च १२० कोटी पौंड, म्हणजे ज्या हॉटेलांचा खर्च वाचवायचा होता त्यांच्याहून ४ कोटी ६० लाख अधिक.

आता नॉर्थआयचे खरेदीखत जवळून पाहू. लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ च्या नोव्हेंबरात त्यावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. सौद्याची एकूण रक्कम पाहता, एवढ्या लहान खरेदीला एवढा मान क्वचितच मिळतो. त्यात असे दिसते की खात्याला सौदा पुरा होण्यापूर्वीच तांत्रिक पाहणीचा अभिप्राय मिळाला होता. इमारतींत ॲस्बेस्टॉस आहे, जमीन दूषित आहे, जागा जोखमीची आहे. दुरुस्तीचा अंदाज २ कोटी पौंडांहून अधिक होता, म्हणजे खरेदीच्या किमतीहूनही जास्त. कोणत्याही तालुक्याच्या गावी घर घेणारा शिक्षकदेखील असा अभिप्राय हातात पडल्यावर भाव पाडून मागतो किंवा बयाणा सोडून घरी जातो. खात्याने नेहमीच्या तपासण्यांना फाटा दिला, ठरलेला शिरस्ता आखूड केला, आणि गरजेपेक्षा अधिक पैसे देऊन ती जागा घेतली, हा लेखापरीक्षकांचा निष्कर्ष आहे. विक्रेत्याने यात काही गैर केले असे कोणी म्हटलेले नाही. खरेदीदार कोण, त्याची निकड किती आणि त्याच्या मंत्र्याने लोकसभेत काय वचन दिले आहे, हे ज्याला वर्तमानपत्रातून कळते त्याने चढा भाव सांगितला तर तो धंदा झाला. पुढे खात्याच्या ध्यानात आले की मोकळ्या निवासासाठी ही जागा योग्य नाही, मग स्थानबद्धतेचे केंद्र करावे असा विचार निघाला, तोही बारगळला. लोकलेखा समितीने साक्षी घेतल्या, आणि बिस्टरच्या अहवालात अठरा वर्षांपूर्वी जी वाक्ये होती त्यांच्याच जातकुळीची वाक्ये नव्या अहवालात उतरली.

अधिकाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. हॉटेलाचा रोजचा खर्च डोळ्यासमोर असताना विलंबाचा प्रत्येक दिवस पैशांतच मोजला जात होता, आणि जो अधिकारी ‘थांबा, पाहणी पुरी होऊ द्या’ असे म्हणेल त्याच्या नावे तो विलंब मांडला जाणार होता. वाईट खरेदी मात्र कोणा एकाच्या नावे मांडली जात नाही, कारण ती समितीने मंजूर केलेली असते. या हिशेबपद्धतीत शहाणा माणूसही सही करतो. म्हणूनच खातेपालटाने, किंवा पक्षपालटानेही, या बाबतीत फारसे बदललेले दिसत नाही. बिस्टर मजूर पक्षाचे होते, नॉर्थआय हुजूर पक्षाचे.

दरम्यान २०१९ च्या मक्त्यांचा दहा वर्षांचा अंदाज ४५० कोटींवरून १,५३० कोटी पौंडांवर गेल्याचे २०२५ च्या मे महिन्यात लेखापरीक्षकांनी नमूद केले; तिन्ही मक्तेदारांचा पाच वर्षांचा नफा ३८ कोटी ३० लाख पौंड होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नव्या सरकारने, हॉटेले बंद करण्याच्या वचनाखातर, सुमारे ९०० पुरुषांसाठी आणखी दोन लष्करी जागा जाहीर केल्या: एक स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसची कॅमेरन बराक, आणि दुसरी नॉर्थआय ज्या परगण्यात आहे त्याच ईस्ट ससेक्समध्ये, क्रोबरोच्या प्रशिक्षण छावणीत. दोन्ही ठिकाणच्या रहिवाशांनी आणि स्थानिक कौन्सिलांनी, जागेची पाहणी कोणी आणि केव्हा केली, असा लेखी खुलासा गृहखात्याकडे मागावा हे उत्तम; मक्त्यांची मुदत २०२९ पर्यंत आहे.